देवदार आणि शेकरू : सलगतेच्या दोन रीती

(मुलुंड येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, त्यांच्याकडे मी वनस्पतिशास्त्र शिकले. त्यांच्या टेबलाच्या खणात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असे. नवी तुकडी आली की पहिल्याच तासाला तो बाहेर निघे. त्यात दोन वस्तू होत्या. एक होतं लाकडाचं फूल, तळहातावर मावणारं, पाकळीवर पाकळी असलेलं, अगदी गुलाबासारखं. दुसरी होती एका रानफळाची अर्धी कवची. तिच्या कडेवर दातांच्या बारीक खुणा होत्या. सर दोन्ही वस्तू बाकांवरून फिरवायचे आणि एवढंच विचारायचे, "ह्या दोघींत सारखं काय?"

ते लाकडी फूल म्हणजे हिमालयातल्या देवदाराच्या शंकूचा शेंडा. देवदाराचा शंकू चीडसारख्या इतर झाडांच्या शंकूंप्रमाणे अख्खा गळत नाही. तो फांदीवर उभाच पिकतो आणि खवल्याखवल्याने सुटत जातो. बिया वाऱ्यावर निघून जातात. शेंड्याकडचे थोडे खवले तेवढे एकमेकांना धरून राहतात आणि एक दिवस तो तुकडा खाली पडतो. कवची भीमाशंकरच्या रानातली. उंच फांदीवर बसून फळ खाणाऱ्या शेकरूने टाकलेली.

आम्ही उत्तरं द्यायचो. दोन्ही जंगलातल्या आहेत. दोन्हींचा संबंध बीशी आहे. दोन्ही झाडावरून पडल्या आहेत. सर प्रत्येक उत्तराला "बरोबर" म्हणायचे आणि लगेच "अजून बघा" म्हणायचे. मी पुढे कितीतरी वर्षं बघत राहिले. आज इथे जे मांडणार आहे, ते त्या प्रश्नाला माझं उत्तर आहे. सर समोर असते तर पुन्हा "अजून बघा" म्हणाले असते, याची मला खात्री आहे.

देवदार आणि शेकरू यांची गाठ निसर्गात कधीच पडत नाही. देवदार पश्चिम हिमालयाचा. अफगाणिस्तानापासून पश्चिम नेपाळपर्यंत, साधारण 1,700 ते 3,000 मीटर उंचीवर त्याची रानं आहेत. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते 1,646 मीटरचं. आपला माथा जिथे संपतो, त्याच्याही वर देवदाराचं घर सुरू होतं. आपल्या सह्याद्रीच्या रानात मूळचा असा एकही सूचिपर्णी वृक्ष नाही. अख्ख्या दक्षिण भारतात या गटातला एकच मूळ रहिवासी आहे, नागेइया, आणि तो केरळ-तामिळनाडूकडच्या ओल्या डोंगरांत राहतो. शेकरूचं उलट आहे. तो द्वीपकल्पाच्या रानांचा प्राणी. बर्फ त्याने कधी पाहिलेलं नाही.

तरी हे दोघं तुमच्याआमच्या घरांत फार पूर्वीपासून येऊन बसले आहेत. बाळंतिणीला द्यायच्या काढ्यात देवदार असतो. आपल्यापैकी अनेकांच्या आईने तो घेतला आहे. चाळीतल्या खोलीत पुस्तकांना कपाट नसायचं, तेव्हा देवदारी खोकी एकावर एक रचून त्यांची मांडणी व्हायची. त्या खोक्यांचं लाकूड बहुतेक वेळा चीडसारख्या दुसऱ्याच झाडाचं असे, पण नाव देवदाराचं होतं. शाळेच्या वहीत आपण 'विद्या' म्हणून मोरपंखीचं पान जपून ठेवायचो. मूळ चीनकडची ती मोरपंखी देवदाराची लांबची नातलग, तीही सूचिपर्णी गटातली. गोराई-वर्सोव्याच्या किनाऱ्यावरचा सुरू मात्र दिसतो तसा नाही. त्याच्या बारीक काड्या पाहून तो देवदाराच्या कुळातला वाटतो, पण तो फुलझाडांच्या वंशातला आहे. सर म्हणायचे, झाडाची ओळख पानावरून करू नका, बी कुठे ठेवतं ते बघा.

शेकरू तर महाराष्ट्राचा राज्यप्राणी. 2022 च्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीत महाराष्ट्राचा चित्ररथ राज्याच्या जैवविविधतेवर होता, त्यावर शेकरूची मोठी प्रतिकृती होती. पण त्याचं मुंबईशी नातं याहून जुनं आहे. अठराव्या शतकात थॉमस पेनंट या वेल्श निसर्गअभ्यासकाने या प्राण्याचं वर्णन केलं तेव्हा त्याला 'बॉम्बे स्क्विरल', मुंबईची खार, असं म्हटलं. पुढे 1777 साली एर्क्सलेबेन यांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं. 1831 मध्ये कर्नल साइक्स यांनी दख्खनमधल्या शेकरूचं वर्णन करून त्याला मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचं नाव दिलं. विसाव्या शतकात हुमायून अब्दुलअली आणि जे. सी. डॅनियल यांनी मुंबईतूनच निघणाऱ्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात शेकरूच्या निरनिराळ्या उपजातींची मांडणी केली. ज्याला जगाने प्रथम मुंबईच्या नावाने ओळखलं, तो आज मुंबईत नाही. मुंबईकराला तो पाहायचा तर नेरळला उतरून माथेरान गाठावं लागतं. हे असं का, याचं उत्तर आजच्या विषयात आहे.

आधी देवदाराकडे जाऊ.

चाळीस-पन्नास मीटर उंच वाढणारं हे झाड. आपल्या हिशेबात पंधरा-सोळा मजली इमारत. खालच्या फांद्या आडव्या पसरतात आणि त्यांची टोकं किंचित झुकलेली असतात, म्हणजे बर्फ साचलं की घसरून जातं. पानं सुईसारखी, मेणाचा लेप असलेली, आखूड काड्यांवर वीस-तीसच्या झुबक्यांनी आलेली. हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठतं, मुळांना मिळत नाही. अशा वेळी रुंद पान असलेलं झाड पानं टाकून देतं. देवदार पानं राखतो, पण त्यांतून पाणी निसटणार नाही याची तजवीज करून ठेवतो. त्याच्या खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्याही अरुंद असतात. गोठून पुन्हा वितळताना पाण्यात हवेचे बुडबुडे होतात आणि रुंद नळीत पाण्याची धार तुटते. अरुंद नळीत ती तुटत नाही. म्हणजे या झाडाची सगळी रचना एकाच गोष्टीसाठी आहे: मुळापासून शेंड्यापर्यंतचा पाण्याचा धागा तुटू नये.

देवदाराला घाई नाही. बी धरायलाच त्याला तीस-चाळीस वर्षं लागतात. शरद ऋतूत पराग वाऱ्यावर सुटतो आणि शंकू पिकायला साधारण वर्ष जातं. त्याला फूल नाही, फळ नाही, मध नाही. सूचिपर्णी वृक्षांचा वंश तीस कोटी वर्षांचा. फुलं जगात नव्हती तेव्हापासून ही झाडं आपला पराग आणि बी वाऱ्याच्या हवाली करत आली आहेत. बोलवायला कुणी नव्हतंच, म्हणून ती कुणाला बोलवत नाहीत.

आणि वयाचं काय? डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेच्या संग्रहालयात देवदाराच्या खोडाची एक चकती ठेवलेली आहे. तिच्यावर सातशेहून जास्त वलयं आहेत. दरवर्षी एक. ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्याला सव्वासातशे-साडेसातशे वर्षं झाली. एका झाडाच्या उभ्या आयुष्यात जवळपास आपल्या मराठी भाषेचं सगळं वाङ्मय मावतं.

ही वलयं वाचणारी माणसं आपल्या महाराष्ट्रात आहेत. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था आहे. तिथे गोविंद बल्लभ पंत, के. रूपा कुमार आणि एच. पी. बोरगावकर यांनी पश्चिम हिमालयातल्या देवदारांच्या वलयांचा अभ्यास केला. झाड तोडायचं नाही. एक पोकळ गिरमिट खोडात फिरवून शिसपेन्सिलीपेक्षाही बारीक लाकडी काडी बाहेर काढायची, आणि तिच्यावरची वलयं सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. त्यांना दिसलं की मार्च ते मे थंड आणि ओला गेला त्या वर्षी वलय रुंद झालं, आणि उन्हाळा लवकर तापला, पाऊस रुसला, त्या वर्षी अरुंद. तापमापकाचा शोध लागण्याआधीच्या शतकांचं हवामान या झाडांनी लिहून ठेवलं आहे. याच संस्थेत 1980 च्या दशकात ठाण्याच्या परिसरातल्या सागांच्या वलयांवरही काम झालं. उष्ण प्रदेशातली बहुतेक झाडं अशी स्वच्छ वलयं ठेवत नाहीत. साग ठेवतो. म्हणजे इथून तासाभराच्या अंतरावर हवामानाची वही उघडलेली होती.

पण या वहीची एक अट आहे. मधलं एक पानही फाटता कामा नये. दोनशे वर्षांच्या देवदाराच्या जागी दहा-दहा वर्षांचे वीस देवदार लावले, तर बेरीज दोनशेच होते, पण वाचायला दहाच वर्षं मिळतात. देवदाराचं सगळं मोल काळातल्या सलगतेत आहे.

आता शेकरूकडे येऊ.

नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळपास मीटरभर लांब, दीड-दोन किलो वजनाची ही खार. भीमाशंकरचा शेकरू पाठीवर तांबूस विटकरी, पोटाखाली पिवळट पांढरा, आणि त्याच्या शेपटीचं टोक फिकं असतं. त्याच्या शेपटीचा झुबका पाहून आपण हरखतो, पण ती शोभेची नाही. फांदीच्या टोकाशी मागच्या पायांवर लटकून तो दोन्ही हातांनी फळ धरतो, तेव्हा एका बाजूला धड आणि दुसऱ्या बाजूला शेपूट असा तराजू होतो. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तो वीस फुटांपर्यंत उडी मारतो. मागचं पाऊल उलटं फिरवून डोकं खाली करून खोडावरून उतरू शकतो. पण जमिनीवर तो सहसा येत नाही. जेवण, झोप, पिल्लं वाढवणं, सगळं वरच. उंच झाडाच्या बारीक, टोकाकडच्या फांद्यांत काटक्या आणि पानं विणून तो फुटबॉलहून मोठं गोल घरटं करतो, कारण तिथे बिबट्याचं वजन पेलत नाही. असं एकच घरटं करून तो थांबत नाही. आपल्या हद्दीत अनेक करतो.

संकट आलं की बहुतेक प्राणी पळतात. शेकरू फांदीला चिकटून सपाट होतो आणि निश्चल राहतो. वर घिरट्या घालणाऱ्या शिकारी पक्ष्याला दिसते ती नुसती फांदी. जन्मभर उड्या मारणारा हा प्राणी जीव वाचवायला क्षणभर झाड होतो. देवदार आणि शेकरू यांच्यात मला दिसलेलं हे पहिलं साम्य.

देवदाराने कुणाला बोलावलं नाही, असं मी म्हटलं. शेकरू मात्र बोलावण्यावर जगतो. पृथ्वीवर फुलं आली, फळं आली, गर आला, तेव्हा झाडांनी प्राण्यांना आपल्या दारी बोलावलं. खारींचा वंश त्यानंतरचा, साधारण साडेतीन कोटी वर्षांपूर्वीचा. उंबर, जांभूळ, आंबा, हिरडा, अंजनी या झाडांच्या मांडवात शेकरू वाढला. फळं, बिया, फुलं, कोवळी पानं आणि अगदीच निकड असेल तेव्हा साल, असा त्याचा आहार.

आता रानात कुठलंच झाड बारा महिने फळत नाही. डॉ. रेने बोर्जेस यांनी शेकरूच्या खाण्यापिण्याचा बारकाईने अभ्यास केला, तोही दोन रानांत, आपल्या भीमाशंकरमध्ये आणि कर्नाटकातल्या मागोडमध्ये. फळांच्या टंचाईच्या दिवसांत उंबर-वडाच्या कुळातली झाडं शेकरूला कितपत आधार देतात, हा त्यांच्या शोधाचा एक गाभा होता. या कुळातली झाडं एकाच वेळी फळत नाहीत. एक आज पिकलं तर दुसरं दोन महिन्यांनी. म्हणून शेकरूला आज इथे, उद्या तिथे, असं जावं लागतं. त्याचं रोजचं जेवण एका झाडावर नाही, झाडांच्या रांगेवर आहे. मधलं एक झाड पडलं आणि वीस फुटांची उडी पुरेना, तर पलीकडचं पिकलेलं उंबर त्याला डोळ्यांनी दिसेल आणि पोटाला मिळणार नाही. जमिनीवर उतरला तर कुत्र्याच्या तोंडी जाण्याचं भय.

म्हणजे शेकरूचं सगळं मोल जागेतल्या सलगतेत आहे. देवदाराला वर्षाला वर्ष लागलेलं हवं, शेकरूला फांदीला फांदी लागलेली हवी. एक काळाची नोंद ठेवतो, दुसरा जागेची. देवदाराची काडी काढली की रानाचा भूतकाळ कळतो. शेकरूच्या मागे दिवसभर मान वर करून चाललं की रान आज कुठे जोडलेलं आहे आणि कुठे तुटलेलं, त्याचा नकाशा मिळतो.

श्रोतेहो, हे दोन्ही जीव आपल्या लोकांनी जिथे राखले, त्या दोन जागा मी पाहिल्या आहेत. एक अल्मोड्याजवळचं जागेश्वर. जटागंगेच्या काठी शंभराहून जास्त छोटी दगडी मंदिरं आणि त्यांना वेढून उभे देवदार. तिथले लोक हेच ज्योतिर्लिंगाचं दारुकावन मानतात. दुसरी जागा आपलं भीमाशंकर. तेही ज्योतिर्लिंग, आणि मंदिरामागून सुरू होणारं रान शेकरूचं. 1985 साली तिथे अभयारण्य झालं, सुमारे 130 चौरस किलोमीटरचं. पण अभयारण्याच्या फलकाच्या कितीतरी आधी तिथे देवराई होती. महादेव कोळ्यांच्या वस्त्यांनी ती पाळली. तिथली काटकी घरी नेली तर देव कोपतो, ही त्यांची समजूत. हिरड्याची फळं गोळा करायची, झाड मात्र ठेवायचं, हा त्यांचा व्यवहार. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांची शास्त्रीय पाहणी केली, तेव्हा शहरात शिकलेल्या लोकांना कळलं की गावांनी धर्माच्या भाषेत जे सांभाळलं होतं, ते जिवंत रानांचे शेवटचे तुकडे आहेत.

देवदार म्हणजे देवाचं लाकूड. देवराई म्हणजे देवाची राई. दोन्ही शब्दांच्या सुरुवातीला देव का आला? माझ्या मते त्याचं कारण साधं आहे. ज्या गोष्टीला एका माणसाच्या आयुष्यापेक्षा जास्त काळ लागतो, ती एका माणसाच्या मालकीची ठेवून भागत नाही. आजोबांनी राखलेलं झाड नातू तोडेल. म्हणून ते देवाच्या नावावर करून ठेवायचं. कालिदासाच्या रघुवंशात दुसऱ्या सर्गात एक देवदार आहे. शंकराने त्याला पुत्र मानलं आहे आणि पार्वतीने त्याला आईसारखं पाणी घालून वाढवलं आहे. एका रानहत्तीने अंग घासून त्याची साल सोलली, तर पार्वतीला लेकराला जखम झाल्याचं दुःख झालं. एका झाडाची साल निघाली, एवढ्याच गोष्टीवर कवीने दुःख उभं केलं. ते वाचताना मला नेहमी वाटतं, आपल्याकडे झाडावर माया करायची भाषा होती, ती आपण विसरलो.

ती विसरायला लावणारा काळ या आपल्या उपनगरांतूनच गेला. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली आगगाडी घाटकोपर, भांडुप, मुलुंडच्या याच पट्ट्यातून धावली. पुढच्या काही दशकांत रूळ देशभर पसरले. रुळांखाली लाकडी स्लीपर लागत, आणि स्लीपर सागाचे, सालाचे किंवा देवदाराचे. हिमालयात भागीरथी आणि सतलजच्या प्रवाहात देवदाराचे ओंडके सोडून ते मैदानात आणले जात. शेकडो वर्षांची वलयं रुळांखाली काही वर्षांत कुजायला घातली गेली. रानं इतक्या झपाट्याने संपू लागली की त्याच राज्यकर्त्यांना 1864 मध्ये वनखातं काढून डीट्रिच ब्रँडिस यांना पहिले महानिरीक्षक नेमावं लागलं. पण खात्याने रानाला लाकडाचं कोठार मानलं. त्याचं उत्तर शतकभराने त्याच डोंगरांतल्या बायकांनी दिलं. 26 मार्च 1974 ला चमोली जिल्ह्यातल्या रेणी गावात गौरादेवी सत्तावीस बायकांना घेऊन रानात गेल्या आणि तोडायला आलेल्यांच्या आणि झाडांच्या मध्ये उभ्या राहिल्या. त्यांनी रानाला माहेर म्हटलं. कालिदासाच्या पार्वतीची भाषा पुन्हा ऐकू आली.

आता मी तुमच्या-माझ्या दारात येते.

बोरिवली आणि मुलुंड यांच्या मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, शंभराहून जास्त चौरस किलोमीटरचं. एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध हे रान टिकलं कसं? त्याचं मोठं श्रेय दोन तलावांना आहे. विहार तलाव 1860 मध्ये तयार झाला, तुळशी 1879 मध्ये. शहराला प्यायचं पाणी हवं होतं, म्हणून पाणलोटातली झाडं राखली गेली. ज्या रानाला पाण्याच्या निमित्ताने दीडशे वर्षांची सलगता मिळाली, तिथे आज कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते, 2016 ला फुलली, 2024 ला फुलली, आणि कान्हेरीच्या लेण्यांवर वानरं अजून झाडाझाडांतून जातात.

उद्यानाच्या भिंतीबाहेर मात्र आपण झाडांचा हिशेब वेगळ्या रीतीने करतो. आपण ती मोजतो. किती तोडली, किती लावली. 2019 मध्ये 4 ऑक्टोबरच्या रात्रीपासून आरेमध्ये दोन हजारांहून जास्त झाडं तोडली गेली, तेव्हा वादही मुख्यतः आकड्यांचा झाला. आमच्या इमारतीच्या पुनर्विकासात अंगणातली जुनी झाडं गेली, आणि बदल्यात लावलेल्या रोपांची यादी आम्हाला दाखवली गेली. यादीत आकडा जास्तच होता. पण संध्याकाळी त्या झाडांवर उतरणारे पोपट आले नाहीत, आणि आमच्या खिडकीत दाणे खायला येणारी खार आता केबलच्या वायरीवरून गल्ली ओलांडते. तुमच्याही गल्लीत ती ओलांडत असेल. ती वायर कुणी खारीसाठी लावलेली नाही. फांदीला फांदी लागत होती, ती जागा वायरीने भरून काढली आहे, एवढंच.

तमिळनाडूत वालपराईला चहाच्या मळ्यांमध्ये तुटलेल्या रानात सिंहपुच्छ माकडं रस्ता ओलांडताना गाड्यांखाली यायची. तिथे नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या लोकांनी झाडांवरून झाडांवर पूल बांधले. माकडं ते वापरू लागली. हा उपाय मोलाचा आहे. पण पूल बांधावा लागणं म्हणजे आपण काहीतरी तोडलं आहे, याची कबुली आहे. माथेरानला गेलात तर मान वर करून बघा. तिथे मोटारींना बंदी आहे, तांबड्या मातीचे रस्ते अरुंद आहेत, आणि दोन्हीकडची झाडं रस्त्यावर एकमेकांना भेटतात. रस्ता खालून जातो आणि रान वरून. शेकरू तिथे आहे, तो या भेटीमुळे. मुंबईच्या खारीचं मुंबईत नसणं आणि माथेरानात असणं, यातला फरक वीस फुटांचा आहे.

मग आपण काय करायचं? मी शास्त्राची शिक्षिका आहे, सभेत घोषणा देणं मला जमत नाही. पण दोन गोष्टी मागते.

पहिली गोष्ट काळाची. 1975 च्या आपल्या राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानायचं, आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी झाडं बदल्यात लावायची, असं त्यात आलं. कायद्याने पहिल्यांदा झाडाचं वय विचारलं, हे फार मोठं पाऊल आहे. ते कागदावर राहू नये. तुमच्या सोसायटीतल्या, रस्त्यावरच्या जुन्या झाडांची वयं शोधा. म्हातारी माणसं सांगतील, जुने फोटो सांगतील. वय लिहून ठेवा. झाडाची वही हातात असली की ते तोडायला येणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

दुसरी गोष्ट जागेची. तुमच्या गल्लीत किती झाडं आहेत हे मोजू नका. किती ठिकाणी फांदीला फांदी लागते, ते मोजा. पावसाळ्यापूर्वीची छाटणी होते तेव्हा तिथे उभे राहा. तारेला लागणारी फांदी कापायला हवी, ते खरं. पण दोन झाडांना जोडणारी फांदी सोडता आली, तर सोडायला सांगा. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे जुळे बोगदे उद्यानाच्या पोटातून जाणार आहेत. वरचं छत त्यामुळे अखंड राहील, ही चांगली गोष्ट. पण बोगद्याला तोंडं असतात आणि तोंडाशी झाडं असतात. तिथे किती झाडं गेली, हा अर्धा प्रश्न झाला. ती गेल्यावर मागच्या रानाला कुठे भोक पडलं, हा उरलेला अर्धा. तो मुलुंडच्या माणसाने विचारायचा आहे, कारण ते तोंड आपल्या बाजूला आहे.

सरांचा प्रश्न मी विसरलेले नाही. लाकडी गुलाब आणि कुरतडलेली कवची, या दोघींत सारखं काय?

तो गुलाब पडायला आधी एक झाड तीस-चाळीस वर्षं, बहुधा शेकडो वर्षं, एका जागी न तुटता उभं राहावं लागतं. ती कवची पडायला आधी एक प्राणी झाडामागून झाड करत, एकदाही जमिनीला पाय न लावता, त्या फळापर्यंत पोचावा लागतो. दोन्ही वस्तू वरून पडलेल्या आहेत, एवढं आम्हाला वर्गात दिसलं होतं. आज मला दिसतं ते असं की दोन्ही पावत्या आहेत. एक काळ अखंड असल्याची, एक जागा अखंड असल्याची. आणि रान म्हणजे या दोन अखंडता एकाच ठिकाणी भेटणं.

तो पत्र्याचा डबा सर गेल्यावर माझ्याकडे आला. येताना मी तो आणला आहे. व्याख्यान संपल्यावर दोन्ही वस्तू हातात घेऊन बघा. आज इथे शाळेतली मुलं आली आहेत, त्यांनी तर जरूर बघावं. कुणाला माझ्यापेक्षा वेगळं उत्तर सापडलं, तर मला येऊन सांगा.